इंग्रजीतील ‘शुगर’ हा शब्द मूळचा कोठला?

हुक्केरीचा मास्तर (धागाकर्ता)

हुक्केरी, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या तालुक्यांत उसाचे पीक नाही असे गाव शोधावे लागेल. संकेश्वरला हिरण्यकेशीचा कारखाना आहे, कृष्णाकाठी उगार खुर्दला स्वातंत्र्यापूर्वीचा कारखाना आहे, बेळगाव शहरात निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि ऊसदराचा वाद तर दर हंगामाला ठरलेलाच. अशा भागात ‘शुगर’ हा शब्द परका म्हणून वापरला जावा आणि ‘जॅगरी’ हा त्याहून परका वाटावा, याचे मला नवल वाटते. अलीकडे एका परिचितांनी ‘इंग्रजांनी हा शब्द आपल्या भागातल्या कन्नड सक्करेवरून उचलला’ असे ठामपणे सांगितले. दुसऱ्या एकांनी तितक्याच ठामपणे ‘तो अरबी आहे, आपला त्याच्याशी काही संबंध नाही’ असे उत्तर दिले. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आणि पुष्कळ गोंधळ आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

संस्कृतातल्या ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ गोड पदार्थ असा नाही. खडे, रेव, जाडसर वाळू असा तो अर्थ आहे. पाली भाषेतल्या ‘सक्खरा’ या रूपालाही खडा आणि साखर असे दोन्ही अर्थ आहेत. उसाचा रस आटवून, त्याचा पाक निथळवून जेव्हा कोरडी, कणीदार वस्तू हाती आली, तेव्हा ती बोटांना रेवेसारखी लागली आणि रेवेचेच नाव तिला मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या वस्तूंची मोजदाद करताना फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी एक ओळ येते. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट केलेला रस, गुड म्हणजे गोळा, मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी रवाळ वस्तू, खण्ड म्हणजे तुकडा आणि शर्करा म्हणजे रेव. यांतील एकही नाव गोडीवरून पडलेले नाही. सगळी नावे हाताला आणि डोळ्याला जे जाणवते त्यावरून पडलेली आहेत, आणि माझ्या मते या शब्दाच्या पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली त्यातच आहे.

इथून हा शब्द फारसीत ‘शकर’ झाला आणि अरबीत ‘सुक्कर’ झाला. अरबांनी ऊस आणि साखर करण्याची विद्या इजिप्त, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली, तेव्हा शब्दही सोबत गेला. स्पॅनिशमध्ये ‘असुकार’ म्हणताना सुरुवातीला जो ‘अ’ येतो, तो अरबीतल्या ‘अल्’ या उपपदाचा अवशेष आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’, इटालियनमध्ये ‘झुक्केरो’, फ्रेंचमध्ये ‘स्युक्र’ आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘सुग्रे’ अशी ही वाट आहे. म्हणजे अरबी हा वाटेतला मुक्काम आहे, उगम नव्हे.

या वाटेच्या पुष्कळ आधी ग्रीकांनी तोच शब्द ‘साक्खारोन’ असा ऐकलेला होता. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस लिहितो की, भारतात आणि अरबस्तानात वेतांमध्ये एक प्रकारचा घट्ट झालेला मध मिळतो, तो मिठासारखा दिसतो आणि दातांखाली मिठासारखाच फुटतो. पुन्हा पाहा, त्याचेही लक्ष कणीकडेच गेले आहे. याच ग्रीक-लॅटिन रूपावरून लिनेयस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये उसाला ‘साक्कारुम ऑफिसिनारुम’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या दुसऱ्या पदाचा अर्थ ‘औषधी दुकानातला’ असा आहे, कारण युरोपात शतकानुशतके साखर ही औषधवाल्याकडेच मिळणारी महाग वस्तू होती.

आता ‘जॅगरी’. हा शब्दही शर्कराच आहे. तो मात्र खुष्कीने गेला नाही, मलबारच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांच्या जहाजातून गेला. मल्याळममध्ये ‘शर्क्कर’ किंवा ‘चक्कर’ म्हणजे आजही गूळ. पोर्तुगीजांनी त्याचे ‘जागरा’ केले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ते त्यांच्याकडून घेतले. तेव्हा इंग्रजीत ‘शुगर’ तीनशे वर्षे जुना झाला होता. एकाच आईच्या दोन लेकी एका घरात तीनशे वर्षांच्या अंतराने आल्या आणि त्यांनी एकमेकींना ओळखले नाही, असे हे झाले.

रविवारपेठवाला

मास्तर, लेख मनापासून आवडला. दुकानदार म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे गुजराती कुटुंबातले जुने गिऱ्हाईक येते. त्यांनी ‘साकर’ मागितली की त्यांना खडीसाखर हवी असते आणि साधी साखर हवी असेल तर ते ‘खांड’ म्हणतात. नवीन पोऱ्या हमखास चुकीची पुडी बांधतो. त्यांच्या मागे उभा असलेला मारवाडी ‘चीनी’ म्हणतो, मराठी बाई ‘साखर’ म्हणते आणि सौंदत्तीकडचा माणूस ‘अर्धा केजी सक्करी कोड्री’ म्हणतो. चौघांच्याही पिशवीत शेवटी एकाच पोत्यातली वस्तू जाते, गुजराती काकांची खडीसाखर तेवढी वेगळी.

माझा प्रश्न असा आहे की, कन्नडातला ‘सक्करे’ हा शब्द अरबी ‘सुक्कर’च्या इतका जवळचा दिसतो, मराठी ‘साखर’ मात्र लांबची वाटते. मग तुमचे परिचित म्हणतात त्याप्रमाणे तो शब्द कन्नडातूनच पुढे गेला असेल, असे का मानू नये?

अथणीचा वाचक

या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले आणि घरची भाषा मराठी आहे.

कन्नड माध्यमाच्या शालेय व्याकरणात तत्सम-तद्भव शब्दांची यादी असते आणि तिच्यात ‘शर्करा–सक्करे’ ही जोडी ठरलेली असते. म्हणजे कन्नडची स्वतःची व्याकरणपरंपराच या शब्दाला संस्कृतावरून आलेला मानते. संस्कृतातला ‘र्क’ प्राकृतात ‘क्क’ झाला आणि ‘सक्करा’ असे रूप तयार झाले. आकारान्त शब्द कन्नडात आले की त्यांच्या शेवटी ए येतो. शाला–शाले, भाषा–भाषे, माला–माले, त्याचप्रमाणे सक्करा–सक्करे. आपल्या उत्तर कर्नाटकातल्या बोलीत हा ए पुन्हा इकाराकडे झुकतो, म्हणून तुमच्या दुकानात ‘सक्करी’ ऐकू येते.

मराठीने दुसरा मार्ग धरला. प्राकृतातले जोडाक्षर मराठीत सुटे होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो. सप्त–सत्त–सात, कर्म–कम्म–काम, हस्त–हत्थ–हात. त्याच नियमाने, पालीत दिसते त्या ख असलेल्या रूपावरून, सक्खरा–साखर. म्हणजे या एका शब्दापुरते बोलायचे तर कन्नडने प्राकृताचे रूप जवळजवळ जसेच्या तसे जपले आहे आणि मराठीने ते पुढे बदलले आहे. अरबी ‘सुक्कर’ आणि कन्नड ‘सक्करे’ एकमेकांसारखे दिसतात याचे कारण एवढेच की, दोन्ही प्राकृत काळातल्या दुहेरी ककाराच्या रूपाशी जवळ आहेत. दिसण्यातले साम्य हा एकाने दुसऱ्याकडून घेतल्याचा पुरावा होत नाही. शिवाय इंग्रजांचा बेळगावशी संबंध एकोणिसाव्या शतकातला आहे. तेव्हा त्यांच्या भाषेत हा शब्द पाचशे वर्षे नांदत होता.

उगारचा केमिस्ट

मी कारखान्यात पॅन विभागात नोकरी केलेला माणूस आहे, भाषेचा अभ्यासक नाही. पण मास्तरांनी ‘कणी’वर जो भर दिला आहे, त्याला आमच्या कामातून दुजोरा देता येईल.

साखर तयार होते म्हणजे काय होते, तर दाणा धरतो. स्वच्छ केलेला घट्ट रस व्हॅक्यूम पॅनमध्ये कमी दाबाखाली आटवतात, म्हणजे तो कमी तापमानाला उकळतो आणि करपत नाही. रस पुरेसा दाट झाला की त्यात अगदी बारीक साखरेचे बी सोडतात आणि त्या बियांवर दाणा वाढू लागतो. पॅनमन दर थोड्या वेळाने प्रूफ स्टिक ओढून नमुना काढतो, तो काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडासमोर धरतो आणि मग अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चोळून पाहतो. जुना पॅनमन काचेपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवतो. मोठ्या दाण्यांच्या मधे नवे, नको असलेले बारीक दाणे उठले तर ते त्याला बोटांना कळते, आणि पाणी किंवा पातळ रस सोडून तो ते विरघळवून टाकतो. दाणे आणि भोवतीचा दाट पाक यांच्या मिश्रणाला आम्ही मॅसेक्युट म्हणतो. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘शिजवलेला लगदा’ एवढाच आहे. ते सेंट्रिफ्युगलमध्ये फिरवले की मळी जाळीतून बाहेर जाते आणि साखर आत राहते.

यापुढची गोष्ट या धाग्याच्या विषयाला थेट लागू पडते. आपल्या देशात साखरेची प्रत ठरते ती प्रामुख्याने दाण्याच्या आकारावरून आणि रंगावरून. लार्ज, मीडियम, स्मॉल यांची एल, एम, एस ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे ३० किंवा ३१ हा रंगाचा आकडा. बाजारभावाच्या बातमीत ‘एस ३०’ आणि ‘एम ३०’ असे जे छापून येते ते हेच. गोडीच्या हिशेबाने दोन्ही सारख्याच, कारण दोन्हींत जवळजवळ निव्वळ सुक्रोज असते. तरी मोठ्या दाण्याला भाव सहसा जास्त मिळतो. शर्करा म्हणजे रेव हे मला आज समजले. रेव चाळून तिची प्रत लावावी तसेच आम्ही आयुष्यभर करत आलो.

हुक्केरीचा मास्तर

केमिस्टसाहेब, बोटांनी चोळून पाहण्याचा तपशील फार मोलाचा आहे. शब्दकोशात असे काही सापडत नाही.

याच्याच जोडीने खडीसाखरेच्या नावांकडे पाहावे. मराठीत खडी म्हणजे दगडाचे बारीक तुकडे. कन्नडात तिला ‘कल्लुसक्करे’ म्हणतात आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. तमिळमध्ये ‘कर्कंडु’ म्हणतात, त्यातही आरंभीचा ‘कल्’ हा दगडच आहे. शर्करा या शब्दातला खड्याचा अर्थ लोक विसरून गेले आणि साखर म्हणजे केवळ गोड वस्तू असे झाले, तेव्हा मोठ्या खड्यांची साखर वेगळी दाखवण्यासाठी प्रत्येक भाषेला पुन्हा एकदा दगड आणून जोडावा लागला. व्युत्पत्तीच्या हिशेबाने खडीसाखर म्हणजे ‘खड्यांचे खडे’ होते.

आणि इंग्रजीतल्या ‘शुगर कँडी’ या जोडशब्दाची गंमत याहून मोठी आहे. ‘कँडी’ म्हणजे आपला खण्ड. फारसीत तो ‘कंद’ झाला, अरबीत ‘कंदी’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘स्युक्र कांदी’ आणि तिथून तो इंग्रजीत आला. खण्ड हा शब्द संस्कृतात द्राविड भाषांतून आला असावा, असे मानणारे अभ्यासकही आहेत. तमिळमधला ‘कंडु’ ते पुराव्यादाखल पुढे करतात. ते कसेही असो, अर्थशास्त्रात खण्ड आणि शर्करा हे दोन शब्द शेजारी बसलेले आहेत आणि अर्धे जग फिरून आल्यावरही इंग्रजीत ते शेजारीच बसलेले आहेत, फक्त जागा अदलाबदल करून. इंग्रज मूल ज्याला कँडी म्हणते त्याला गुजराती आजी खांड म्हणत नाही, कारण तिच्या लेखी खांड म्हणजे डब्यातली रोजची साखर. मूळ शब्द एक असला तरी तो कोणत्या पायरीवर थांबतो हे प्रत्येक प्रदेशाने आपापले ठरवले आहे. मलबारात शर्करा गुळापाशी थांबली, पंजाबात ‘शक्कर’ गुळाच्या भुकटीपाशी थांबली, गुजरातेत ‘साकर’ खडीसाखरेपर्यंत चढली, मराठी-कन्नडात ती मधल्या पायरीवर राहिली.

घटप्रभाकाठ

‘चीनी’ या नावावरून साखरेचा शोध चीनने लावला असे माझ्या मुलाच्या शिकवणीत सांगितले गेले. त्याबद्दल काही लिहावे.

हुक्केरीचा मास्तर

उलट, सातव्या शतकात तांग वंशाच्या ताइझोंग सम्राटाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती आणि चिनी इतिहासात तशी नोंद आहे. ते साल ६४७ असे दिले जाते. ‘चीनी’ हे नाव पांढऱ्या शुभ्र साखरेला मिळाले आणि ‘मिश्री’ हे नाव मिस्र म्हणजे इजिप्तवरून खडीसाखरेला मिळाले. आपल्याकडून गेलेली वस्तू अधिक शुद्ध होऊन परत आली की तिला त्या देशाचे नाव चिकटते. संकेश्वरी मिरचीही मूळची संकेश्वरची नाही. मिरचीची जातच अमेरिकेतून आली. त्यामुळे नावात गाव आहे म्हणून उगम तिथला, असे समजू नये.

खानापूरकर

गुरुजी, ‘जॅगरी’बद्दल थोडी भर घालतो. आमचा तालुका गोव्याला लागून असल्याने माडाचा गूळ घरात येतो, आणि तो उसाच्या गुळाहून बराच काळा असतो.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने लिहिलेला औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात माडाच्या रसापासून उन्हात किंवा विस्तवावर आटवून केलेल्या साखरेला ‘जाग्रा’ म्हटले आहे. पुढे १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश निघाला, त्यातही ‘जॅगरी’चा अर्थ ताडमाडांच्या रसाची काळपट साखर असाच दिलेला आहे, आणि हा शब्द म्हणजे ‘शुगर’चेच दुसरे रूप असल्याचेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे उसाच्या गुळाला ‘जॅगरी’ म्हणणे हा त्या शब्दाचा नंतर झालेला विस्तार दिसतो. आज पॉलिथिनच्या पिशवीवर ‘ऑरगॅनिक जॅगरी पावडर’ असे छापून साखरेच्या दुपटीने विकतात, ती पाहिली की या शब्दाने जो दर्जा कमावला आहे त्याचे कौतुक वाटते. युरोपियन माणसाच्या दृष्टीने ती एके काळी गरिबाची काळी साखर होती.

मलप्रभा

‘शर्करा’त श आहे आणि ‘शुगर’मध्येही श आहे. फ्रेंच, इटालियन, अरबी या मधल्या भाषांनी तो घालवला आणि इंग्रजीने तो परत मिळवला, हे कसे? इंग्रजांनी मूळ संस्कृत उच्चार कोठून तरी ऐकला असावा का?

अथणीचा वाचक

हा योगायोग आहे, पण मोठा फसवा योगायोग आहे. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा उच्चार स ने सुरू होत होता आणि आजचे स्पेलिंग त्याच काळाची खूण आहे. पुढे स नंतर येणाऱ्या दीर्घ उकाराआधी य सारखा एक हलका उच्चार शिरला, ‘स्यु’ असा, आणि स व य मिळून श झाला. ‘शुअर’ या शब्दातही हेच घडले. सु ने सुरू होणाऱ्या नेहमीच्या इंग्रजी शब्दांत श असा उच्चार होणारे हे दोनच शब्द म्हणून शिक्षक वर्गात सांगतात ते यामुळेच. संस्कृतातल्या श चा त्यात काही हात नाही.

क चा ग कसा झाला, हे मात्र खरे कोडे आहे. फ्रेंचमध्ये क आहे, इटालियनमध्ये क आहे, जर्मन ‘त्सुकर’मध्ये क आहे आणि रशियन ‘साखर’मध्ये तर आपल्यासारखाच ख आहे. इंग्रजीतल्या ग चे समाधानकारक स्पष्टीकरण कोशकारांना अजून देता आलेले नाही.

रशियन शब्द पाहून कोणी लगेच मराठीशी नाते जोडू नये म्हणून सांगतो की, तो ग्रीकमधून तिकडे गेलेला आहे.

रविवारपेठवाला

‘जगातली सगळी साखर आपली’ असा सूर आता निघेल, म्हणून आधीच विचारतो. इंग्लंडातल्या सामान्य माणसाच्या तोंडी हा शब्द केव्हा बसला? तिकडे तो औषधाच्या दुकानातून किराणा दुकानात कसा आला?

हुक्केरीचा मास्तर

तिकडे तो किराणा दुकानात आला तो फार वाईट वाटेने आला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. सतराव्या आणि अठराव्या शतकांत बार्बाडोस, जमैका या बेटांवर इंग्रजांचे उसाचे मळे उभे राहिले आणि ते आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालले. गाळपाच्या हंगामात रात्रंदिवस चरकावर आणि कढईवर राबणारी ती माणसे होती. त्या साखरेने इंग्लंडमधला भाव उतरला, चहा गोड झाला आणि ‘शुगर’ हा शब्द राजवाड्यातून मजुराच्या घरी पोचला. युरोप खंडात मात्र अठराव्या शतकात बीटमध्ये तीच साखर असल्याचे मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखवून दिले आणि पुढच्या शतकात बीटचे कारखाने निघाले. त्यामुळे जर्मन माणूस आज ‘त्सुकर’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ऊस नसतो, कंद असतो. या सगळ्या इतिहासात आपले म्हणावे ते नाव आणि आरंभीची विद्या एवढेच आहे. अभिमान बाळगायचा तर तेवढ्यापुरता बाळगावा.

गुऱ्हाळवाले अण्णा

केमिस्टसाहेबांनी साखरेचा दाणा सांगितला, मी गुळाचा सांगतो. आमच्या घरचे गुऱ्हाळ निपाणीच्या बाजूला होते, आता बंद आहे.

काहिलीत रस तापला की त्यात चुन्याची निवळी आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकायचा, वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहायचे. खाली चुलवणात चिपाडे सारणाऱ्याने आच कमी-जास्त होऊ द्यायची नाही. गुळव्या अधूनमधून पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी करून पाहतो. गोळी टणक झाली, भांड्याच्या कडेवर आपटली तर आवाज आला, की काहील उतरवायची. एवढे झाले तरी काम संपत नाही. वाफ्यात ओतल्यावर पाक हलवत राहावे लागते, तेव्हा कुठे त्यात रवा धरतो. आडवा पडलेला किंवा तोडून शिळा झालेला ऊस असेल तर कितीही हलवा, गूळ चिकटच राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो. शिळ्या उसात साखरेचे विघटन होते असे कृषी खात्याची माणसे सांगत, आम्ही एवढेच म्हणत असू की ‘उसात रवा राहिला नाही’.

आणखी एक. कोल्हापूरच्या बाजारात तीस किलोच्या ढेपेलाच ‘रवा’ म्हणतात. ‘आज इतक्या रव्यांची आवक’ असे पेपरात येते. म्हणजे कणालाही रवा आणि ढेपेलाही रवा. मास्तर म्हणतात तसे खडा लहान की मोठा याची आपल्या भाषेला फारशी फिकीर नसावी.

एक शंका आहे. कारखान्याच्या मळीला इंग्रजीत ‘मोलॅसिस’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘मळी’वरूनच गेला असणार असे आमच्याकडे सगळे समजतात. ते खरे आहे का?

निपाणीची सिस्टर

अण्णांच्या शंकेचे उत्तर मास्तर देतीलच. मध्येच माझ्या क्षेत्रातले थोडे लिहिते.

दवाखान्यात दिवसातून दहा वेळा ‘मला शुगर आहे’ हे वाक्य ऐकू येते. कन्नड पेशंट ‘सक्करे कायिले’ म्हणतात, म्हणजे साखरेचा आजार. सरकारी पत्रकात ‘रक्तशर्करा’ असते. सुश्रुतसंहितेत मात्र ‘शर्करा’ हा शब्द मूतखड्याच्या प्रकरणात येतो, आणि तिथे त्याचा अर्थ लघवीवाटे पडणारी बारीक खडी असा आहे. मधुमेहाला तिथे ‘मधु’वरूनच नाव आहे. म्हणजे जुन्या वैद्याला ‘शर्करा झाली’ असे सांगितले असते तर त्याने मूतखड्याचे औषध दिले असते.

दुसरे असे की, रक्तात आम्ही जी मोजतो ती डब्यातली साखर नव्हे. डब्यातली सुक्रोज, रक्तातली ग्लुकोज. ‘सुक्रोज’ हे नाव मिलर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये फ्रेंच ‘स्युक्र’वरून केले, म्हणजे त्यात शर्करा आहे. ‘ग्लुकोज’ हे १८३८ मध्ये फ्रान्समध्ये ग्रीक शब्दावरून केलेले नाव आहे आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ द्राक्षाचा ताजा गोड रस असा आहे. त्या नावात शर्करा नाही. याउलट ‘सॅकरिन’च्या नावात शर्करा आहे आणि वस्तूत साखरेचा अंशही नाही, ती १८७९ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करताना सापडली. गोळीच्या डबीवर ‘सॅकरिन’ वाचून ‘यात साखर आहे का हो ताई’ असे विचारणाऱ्या आजींची शंका शब्दाच्या अंगाने अगदी योग्य असते.

हुक्केरीचा मास्तर

सिस्टर, सुश्रुताचा संदर्भ माझ्या लेखात यायला हवा होता इतका तो चपखल आहे. खडा हा मूळ अर्थ वैद्यकात टिकून राहिला, हे त्यातून स्वच्छ दिसते.

अण्णा, ‘मोलॅसिस’ आणि ‘मळी’ यांचा परस्परांशी संबंध नाही. इंग्रजी शब्द पोर्तुगीज ‘मेलासो’वरून आला आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध आहे. आपली मळी ‘मळ’ या शब्दाच्या घरातली आहे. तुमच्या काहिलीवर झाऱ्याने काढायची तीही मळी आणि सेंट्रिफ्युगलमधून निथळते तीही मळी. केमिस्टसाहेबांच्या कारखान्यात मात्र पहिलीला मळी कोणी म्हणत नसावे. तिथे रस साफ करताना निघणाऱ्या गाळाला ‘प्रेसमड’ हा शब्द चालतो असे ऐकतो.

उगारचा केमिस्ट

बरोबर आहे, गाळाला प्रेसमडच म्हणतात. शेतकरी तो खत म्हणून ट्रॉली भरून नेतात आणि पावतीवर आम्ही ‘प्रेसमड’ लिहिले तरी गेटवर येऊन ‘मळीचे खत’च मागतात.